कार बंद पडली आणि आठवडा शनिवारीच संपला: एका हौशी सायकलिस्टचं प्रकरण

हौशी सायकलिस्ट दमला की त्याचा पहिला संशय स्वतःच्या फिटनेसवर जातो, आपण कमी पडतोय, अजून ट्रेनिंग पाहिजे. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण कितीतरी वेळा त्या माणसाने कमी केलेलं नसतं तर जास्त केलेलं असतं, फक्त ते जास्तीचं कुठे लिहिलेलं नसतं म्हणून दिसत नाही. खालचं प्रकरण अगदी असंच आहे म्हणून ते सगळं सविस्तर लिहून काढतोय, सायकलची बाजू पण आणि कारची पण, कारण कारचा दोष लवकर सापडला असता तर सायकलचा प्रश्न निर्माणच झाला नसता.

रायडर चाळिशीच्या आसपासचा, बैठी नोकरी, वजन ७२ किलो, एफटीपी (म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल एवढी जास्तीत जास्त ताकद) २३० वॅट. आठवड्याला सात-आठ तास सायकल चालवतो, दोन महिन्यांनी १६० किलोमीटरची राइड पूर्ण करायची आहे आणि त्यासाठी प्लॅन चालू आहे. तो प्लॅन मी बघतो, म्हणजे आकडे तो पाठवतो आणि मी त्यावर बोलतो. ज्या आठवड्याची ही गोष्ट आहे तो तीन आठवड्यांच्या ब्लॉकमधला शेवटचा, सगळ्यात जड आठवडा होता, त्याच्यानंतर हलका आठवडा येणार होता. हे महत्त्वाचं आहे, कारण शरीर आधीच थोडं ओढलेलं होतं आणि ते तसं असणं ठरवूनच केलेलं होतं.

रविवारी रात्री त्याचा मेसेज आला, "दादा फॉर्मच गेला माझा, १६० वॅटला पण पाय चालत नाहीत, पुढच्या आठवड्यात इंटरव्हल वाढवू का?"

प्लॅन काय होता

सोमवार सुट्टी. मंगळवारी पहाटे ७५ मिनिटं, त्यात आठ-आठ मिनिटांचे चार इंटरव्हल, म्हणजे मध्ये विश्रांती घेत जोर लावायचे तुकडे, २२५ ते २३५ वॅटवर. बुधवारी तासभर एकदम हलकं. गुरुवारी संध्याकाळी ८० मिनिटं चढ. शुक्रवार सुट्टी. शनिवारी दोन तासांची ग्रुप राइड, रविवारी साडेचार तासांची लाँग राइड.

याचा भार मोजायला मी एक जुनी सोपी पद्धत वापरतो, अमेरिकन संशोधक कार्ल फॉस्टर यांची. राइड संपल्यावर ती किती जड गेली याला ० ते १० मध्ये एक आकडा द्यायचा आणि त्याला मिनिटांनी गुणायचं. बस. पॉवर मीटर नको, ठोके मोजणारा छातीचा पट्टा नको, आणि म्हणूनच ही पद्धत मला आवडते कारण ज्या राइडची कुठेच नोंद नाही तिचाही हिशेब आठवणीवरून लागतो. या हिशेबाने मंगळवार ७५ गुणिले ८ म्हणजे ६००, बुधवार १८०, गुरुवार ५६०, शनिवार ६००, रविवार १३५०. एकूण ३२९०. बरं यात रविवार एकटाच जवळपास चाळीस टक्के आहे आणि त्याच्या आधी हलके दिवस आहेत, प्लॅनचा सगळा जीव त्या रचनेत आहे.

प्रत्यक्षात काय झालं

मंगळवारी पहाटे इंटरव्हल झाले, छान झाले, चौथा पण २३० ला संपला. घरी येऊन आंघोळ करून ऑफिसला निघाला तर कार सुरूच होईना, किल्ली फिरवली की नुसतं टक टक टक. उशीर झालेला, मग तीच सायकल, पाठीवर सॅक, सॅकमध्ये लॅपटॉप, कपडे, बूट, कुलूप, सगळं मिळून सहा-सात किलो, आणि १४ किलोमीटर. संध्याकाळी तसंच परत. आल्यावर शेजाऱ्यांच्या कारला जंपर केबल लावून कार सुरू केली, अर्धा तास चालू ठेवली आणि बंद केली. बुधवारी सकाळी परत टक टक.

बुधवार पण सायकलने. संध्याकाळी मेकॅनिक येऊन नवी बॅटरी बसवून गेला, कार लगेच सुरू झाली, सगळे खूश. त्यानंतर त्याने बुधवारची तासाभराची हलकी राइडसुद्धा केली, रात्री नऊ वाजता, ट्रेनरवर (घरात सायकल जागेवर उभी करून चालवायचा स्टँड), कारण प्लॅनमध्ये होती. इथे मला थांबावंसं वाटतं. त्या दिवशी त्याचे ऑफिसला जाऊन-येऊन ८० मिनिटं पाय फिरून झाले होते, हलक्या राइडचं काम त्यातच झालेलं होतं, वर अजून एक तास कशासाठी? पण त्याच्या डोक्यात ऑफिसची सायकल ही "सायकलिंग" नव्हतीच, तो प्रवास होता.

गुरुवारी कार चालली, संध्याकाळी चढ केले. शेवटच्या दोन चढांना २२५ वरून २०५ वर आला, त्याने लिहिलं "झोप कमी झाली बहुतेक". शुक्रवारी सकाळी नव्या बॅटरीसह कार परत बंद. कार गॅरेजला टो करून गेली आणि तो सायकलने ऑफिसला गेला, म्हणजे सुट्टीचा दिवस पण गेला. शनिवारच्या ग्रुप राइडची जागा २५ किलोमीटर लांब, एरवी सायकल कारमध्ये टाकून जातो, यावेळी सायकल चालवत गेला, ग्रुपबरोबर दोन तास मारले आणि चालवतच परत आला. ५० किलोमीटर जास्तीचे, साधारण दोन तास.

रविवारी साडेचार तासांसाठी निघाला आणि दीड तासात घरी परत आला.

हिशेब

ऑफिसच्या सहा खेपा, प्रत्येकी चाळीस मिनिटं, सरासरी ४ चा आकडा धरला तर ९६०. आणि हा ४ काही उगाच नाही, रिकाम्या रस्त्याने आरामात गेलं तर २-३ म्हणता येईल, पण सॅक पाठीवर, घड्याळ मागे लागलेलं, आणि दर सिग्नलला शून्यावरून उठून परत वेग घ्यायचा. दर वेळी उठताना काही सेकंद ३००-३५० वॅट सहज लागतात, सरासरी वॅटमध्ये ते दिसत नाहीत पण पायांना कळतात. शनिवारचे जास्तीचे दोन तास ३ ने धरले तर ३६०. एकूण न ठरवलेलं काम १३२०. यात मी ठरलेल्या राइडचे आकडे प्लॅनमधलेच ठेवलेत, खरं तर गुरुवार आणि शनिवार त्याला प्लॅनपेक्षा जड गेले होते, म्हणजे हा हिशेब कमीत कमीच आहे.

आता बघा. शनिवार रात्रीपर्यंत प्लॅनप्रमाणे १९४० व्हायला हवे होते. झाले ३२६०. पूर्ण आठवड्याचा प्लॅन होता ३२९०. म्हणजे साडेचार तासांच्या लाँग राइडसकटचा अख्खा आठवडा त्याने शनिवारी रात्रीच संपवला होता आणि रविवारी सकाळी तो दुसरा आठवडा सुरू करायला निघाला होता. हे त्याला सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती आणि मग म्हणाला, "पण ॲपमध्ये तर नॉर्मल आठवडा दिसतोय." बरोबर आहे, कारण ऑफिसला जाताना सायकलचा कॉम्प्युटर त्याने लावलाच नाही, शनिवारी पण ग्रुप जमल्यावर चालू केला. ॲपला जे दिलं तेच ॲप दाखवणार.

दुसरी गोष्ट एकूण आकड्यात दिसत नाही ती रचनेत दिसते. फॉस्टर यांच्याच पद्धतीत मोनोटनी नावाचं एक माप आहे, दिवसाचा सरासरी भार भागिले त्या सात दिवसांच्या भाराचं प्रमाण विचलन, म्हणजे दिवसादिवसांत भार किती कमी-जास्त होतो त्याचं माप. सगळे दिवस सारखे झाले, मध्ये हलका दिवसच उरला नाही, की हा आकडा वाढतो. प्लॅनमध्ये तो साधारण १.१ होता. प्रत्यक्षातले दिवस असे: ०, ९२०, ५००, ५६०, ३२०, ९६० आणि रविवारची अर्धवट राइड, ९० मिनिटं पण ७ चा आकडा, म्हणजे ६३०. मोनोटनी १.८. एकूण भाराला मोनोटनीने गुणलं की स्ट्रेन मिळतो. एकूण भार प्लॅनपेक्षा वाढला फक्त १८ टक्के, स्ट्रेन मात्र जवळपास दुप्पट. मला या प्रकरणातला सगळ्यात बोलका आकडा हाच वाटतो. १८ टक्के जास्त काम एखादा जड आठवडा म्हणून निभावून जातं, पण दोन्ही हलके दिवस काढून घेतले की तेच काम पचत नाही.

शरीर काय सांगत होतं

तो रोज सकाळी उठल्या उठल्या नाडी बघतो, ही सवय त्याची चांगली आहे. एरवी ५२ च्या आसपास. गुरुवारी ५५, शनिवारी ५९, रविवारी ६०. एका दिवसाची नाडी वर गेली तर त्यावरून काही ठरवू नये, उकाडा असतो, उशिरा जेवलेलं असतं, पण चढत गेलेली नाडी, गुरुवारी उतरलेला वॅट आणि रोज तास-दीड तास कमी झालेली झोप हे तिन्ही एकत्र असेल तर मग बघायलाच हवं.

रविवारचा रेकॉर्ड जास्त इंटरेस्टिंग. १६० वॅटला त्याचे ठोके एरवी १३८ असतात. त्या दिवशी १२८. वाटेत एका चढावर त्याने २२० वॅट लावून बघितले, एरवी तिथे १६२ होतात, त्या दिवशी १४९ आणि पाय नकार देत होते. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं, ठोके कमी म्हणजे फिटनेस वाढला की! फिटनेस वाढल्यावर ठोके कमी होतात हे खरं, पण तेव्हा राइड सोपी वाटते. ठोके कमी, वॅट तेवढेच आणि त्रास मात्र खूप जास्त, वर ठोके चढवू म्हटलं तरी चढत नाहीत, हे भार साचल्याचं ओळखीचं चिन्ह आहे. म्हणून नुसता हार्ट रेट बघू नका, शेजारी जाणिवेचा आकडा, म्हणजे किती जड गेलं तो ० ते १० मधला, लिहा, दोन्ही मिळूनच अर्थ लागतो.

पोटाचा हिशेब तर कोणी केलाच नव्हता. ऑफिसच्या खेपा चार तास आणि शनिवारचे जास्तीचे दोन, सहा तास. त्या गतीला अंदाजे १४० वॅट धरले तर तासाला सुमारे ५०० किलोज्यूल काम होतं. सायकलवर शरीराची कार्यक्षमता २०-२५ टक्के असल्याने कामाचे किलोज्यूल आणि खर्च झालेल्या किलोकॅलरी जवळपास सारख्याच येतात, म्हणजे सहा तासांत ३००० च्या आसपास किलोकॅलरी जास्तीच्या गेल्या आणि जेवण रोजचं तेवढंच, उलट धावपळीत थोडं कमीच. स्नायूंमध्ये आणि यकृतात मिळून ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेलं कार्बोहायड्रेट, साधारण ४०० ते ६०० ग्रॅम मावतं आणि ते रिकामं झाल्यावर भरपूर कार्बोहायड्रेट खाल्लं तरी पूर्ण भरायला साधारण एक दिवस लागतो. रोज एक ते तीन तास सायकल चालवणाऱ्याला किलोमागे ६ ते १० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतात, याच्या वजनाला कमीत कमी ४३० ग्रॅम. तो त्याच्या आसपासही नव्हता. मंगळवारपासून टाकी कधी पूर्ण भरलीच नसणार.

आणि डोक्याचा थकवा. फोन, गॅरेज, टो करणारा माणूस, ऑफिसमध्ये उशिराची उत्तरं. २००९ मध्ये सॅम्युएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, दीड तास डोकं शिणवणारं काम करायला लावून मग लोकांना सायकलवर दमेपर्यंत चालवायला लावलं. ते लोक लवकर थांबले. हृदय, ऑक्सिजन यांच्या मापात अडचण दिसली नाही, फक्त तेवढंच काम त्यांना जास्त जड वाटलं. कारचा मनस्ताप हा प्रयोगशाळेतला टास्क नाही हे मान्य, पण "रागाने थोडीच पाय दुखतात" असं म्हणणाऱ्यांना मी हा प्रयोग आवर्जून सांगतो.

आता कार

हा भाग मला जितका सायकलचा तितकाच जवळचा वाटतो, कारण शोधायची पद्धत चुकली की किती दिवस वाया जातात ते इथे स्वच्छ दिसतं.

मंगळवारी बॅटरी उतरलेली होती, यात वाद नाही. पूर्ण चार्ज असलेली लेड-ॲसिड बॅटरी काही तास नुसती ठेवल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास संपली. याची ११.६ होती. मेकॅनिकने टेस्टर लावला, टेस्टर म्हणाला बदला, बॅटरी चार वर्षांची, बदलली. पण उतरलेल्या बॅटरीवर लोड टेस्ट (भार टाकून बॅटरी किती टिकते ते बघणं) धड होतच नाही, आधी ती चार्जरवर पूर्ण भरायची आणि मग तपासायची. आणि त्याहून मोठा प्रश्न, ती रिकामी का झाली, हा कोणी विचारलाच नाही. म्हातारी बॅटरी चार्ज कमी धरते हे खरं, पण जंप मारून चालू ठेवलेली कार एका रात्रीनंतर परत टक टक करते तेव्हा कुठेतरी करंट जातोय हा संशय पहिला यायला हवा.

शुक्रवारी गॅरेजमध्ये संशय अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या भागावर गेला. चुकीचा संशय नाही तो, नवी बॅटरी पण उतरली म्हणजे चार्जिंगच होत नसेल. पण ते तपासायला दोन मिनिटं लागतात, इंजिन चालू करून बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरायचा, १३.८ ते १४.४ च्या मध्ये आलं की चार्जिंग चालू आहे. इथे १४.२ आलं, हेडलाइट लावून १३.९. अल्टरनेटर ठणठणीत. तरी शुक्रवारचा अख्खा दिवस त्यात गेला.

शनिवारी दुपारी गॅरेजमधल्या एका जुन्या माणसाने शेवटी बंद कारमध्ये बॅटरीतून जाणारा करंट मोजला. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून मध्ये मीटर लावला, सगळं बंद, किल्ली लांब ठेवलेली. कार बंद केल्यावर आतले कंट्रोल युनिट झोपायला थोडा वेळ घेतात, वीस-तीस मिनिटं, कधी अजून जास्त, म्हणून लगेच आलेला आकडा धरायचा नसतो. पाऊण तास थांबले. निरोगी कारमध्ये तो ५० मिलिअँपिअरच्या खाली येतो. इथे १.३ अँपिअर, आणि हलायला तयार नाही. मग एकेक फ्यूज काढत गेले, आतल्या दिव्यांचा आणि दरवाज्यांच्या कंट्रोलचा फ्यूज काढला आणि मीटर धपकन ०.०३ वर आला.

दरवाजे चारही बरोबर होते. उरली डिक्की. फोनवर व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू करून फोन डिक्कीत ठेवला, डिक्की बंद केली, उघडली आणि व्हिडिओ बघितला. बंद डिक्कीत दिवा जळतच होता.

डिक्कीच्या लॅचमध्ये एक छोटा स्विच असतो, लॅच बंद झालं की तो दाबला जातो आणि कारला कळतं की डिक्की बंद आहे. त्या स्विचच्या दांडीभोवती वाळलेला चिखल आणि चेनच्या तेलात भिजलेली काळी माती अशी घट्ट बसली होती की दांडी अर्ध्यात अडकलेली. आधीच्या रविवारी पावसातली राइड झाली होती, सायकल तशीच चिखलासकट डिक्कीतून आत ढकलली होती, मागचं चाक आणि चेन नेमकी लॅचच्या बाजूला. डिक्की व्यवस्थित बंद व्हायची, पण कारच्या मते ती उघडी होती. दिवा ५ वॅटचा, त्याचे जेमतेम ०.४ अँपिअर, बाकीचा करंट दार उघडं आहे असं समजून जाग्या राहिलेल्या कंट्रोल युनिटचा. १.३ अँपिअरने तेरा तासांच्या रात्रीत १७ अँपिअर-तास जातात, त्याच्या बॅटरीची क्षमता ४५. दिवसा ऑफिसच्या पार्किंगमध्ये अजून १२ आणि मधल्या अर्ध्या तासाच्या प्रवासात ते सगळं भरून निघत नाही. म्हणून नवी बॅटरी गुरुवारी सकाळी चालली आणि शुक्रवारी सकाळी संपली, आकडे तंतोतंत जुळतात.

डॅशबोर्डवर दार उघडं असल्याचं लाल चिन्ह रविवारपासून दिसत होतं. रायडरने दोनदा डिक्की आपटून बघितली, चिन्ह गेलं नाही, मग सेन्सर गेला असेल म्हणून विषय सोडला. सोमवारी सेल्फ पण जरा जड मारला होता. बॅटरीवाल्याने किंवा गॅरेजमध्ये कोणी "डॅशबोर्डवर काही दिसतंय का, गेल्या काही दिवसांत काय बदललं" एवढं विचारलं असतं तर बुधवारीच सुटलं असतं. ब्रश आणि क्लीनर मारून स्विच मोकळा केला, मीटर ०.०३ वर, काम संपलं. जुनी बॅटरी इतक्या वेळा खोल उतरल्यावर फार टिकली नसती, त्यामुळे नवी अगदी वाया गेली असं मी म्हणणार नाही, पण ती उपाय नव्हती.

पुढे काय केलं

इंटरव्हल वाढवायचे नाहीत हे पहिलं. ताप, घसा, छातीत काही, चक्कर, यातलं काही आहे का ते विचारलं, नव्हतं. असतं तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवून डॉक्टर. युरोपियन आणि अमेरिकन क्रीडाविज्ञान संघटनांचं २०१३ मधलं एक संयुक्त निवेदन आहे, त्यात थकव्याचे टप्पे वेगळे केलेत: काही दिवस ते दोन आठवड्यांत भरून येणारा आणि नंतर फायदाच देणारा, आठवडे-महिने लागणारा, आणि त्यापलीकडचा खरा ओव्हरट्रेनिंग सिंड्रोम. यातला कुठला आहे हे आधी कळत नाही, विश्रांतीनंतर माणूस किती दिवसांत परत येतो त्यावरून ठरतं. म्हणून आधी विश्रांती.

सोमवार-मंगळवार सायकल पूर्ण बंद, झोप आठ तास, जेवणात कार्बोहायड्रेट मोजून. बुधवारी ४५ मिनिटं हलकं. गुरुवारी सकाळची नाडी ५३. शनिवारी त्याच चढावर २२० वॅट लावायला सांगितले, ठोके १६०, आणि त्याचा जाणिवेचा आकडा रविवारच्या ९ वरून ६ वर. फॉर्म कुठेही गेलेला नव्हता. हलका आठवडा तसाही येणार होता, तो आम्ही थोडा अजून हलका केला एवढंच. हुकलेली लाँग राइड भरून काढायची नाही हे मात्र त्याला दोनदा सांगावं लागलं, त्याचा जीव त्यात अडकला होता आणि मला ते समजतं, १६० किलोमीटर डोळ्यासमोर असताना साडेचार तास सोडून देणं सोपं नसतं.

मंगळवारी सकाळीच फोन आला असता तर मी काय सांगितलं असतं ते पण लिहितो, कारण असा आठवडा कोणावरही येतो. ज्या दिवशी ऑफिसची सायकल तासाभराच्या वर जाते त्या दिवशीची हलकी राइड रद्द, तिचं काम झालं. असे दोन दिवस झाले की आठवड्यातलं दुसरं जड सेशन काढायचं, इथे गुरुवारचे चढ, किंवा ते चढ ऑफिसहून येतानाच्या वाटेवर छोटे करून उरकायचे. सुट्टीच्या दिवशी ८० मिनिटं चालवावं लागलं तर तो सुट्टीचा दिवस राहिलेला नाही, सुट्टी पुढच्या दिवशी सरकवायची आणि शनिवारची ग्रुप राइड सोडायची, दोस्त रागावले तर रागावू देत. किंवा मग ग्रुपच्या जागेपर्यंत जाणं-येणं हीच शनिवारची राइड धरायची. सॅक पाठीवर न घेता कॅरिअरवर बॅग लावली तर मान, हात आणि बैठक तिन्ही वाचतात, एकच दिवस असेल तर चालतं पण आठवडाभर सहा किलो पाठीवर घेऊन शिवाय इंटरव्हल करायचे हे नको. आणि ऑफिसला पोचल्यावर खायचं, भूक लागायची वाट न बघता.

"ते जंक माइल्स आहेत, मोजायचे नसतात", म्हणजे ऑफिसचे ते किलोमीटर बिनकामाचे, असं त्याला ग्रुपमधल्या कोणीतरी सांगितलं होतं. या वाक्याने खूप लोकांचं नुकसान होतं असं माझं स्पष्ट मत आहे. त्या किलोमीटरनी फिटनेस किती वाढतो यावर वाद घाला हवं तर, पण थकवा ते पुरेपूर देतात, आणि हौशी माणसाच्या आयुष्यात असे किलोमीटर सतत येणार, कार बंद पडेल, घरातलं कोणी आजारी पडेल, रात्री जागरण होईल. प्लॅन त्याच्यासाठी असतो, तो प्लॅनसाठी नसतो, त्या दिवशी बदलायचं ते प्लॅननेच.

आता त्याच्या शीटमध्ये "इतर सायकल" असा एक कॉलम आहे, मिनिटं आणि आकडा, ॲप काहीही दाखवो. सायकल डिक्कीत टाकायच्या आधी चाकं आणि चेन पुसतो, खाली जुनी चादर लॅचच्या कडेपर्यंत दुमडून घालतो, आणि महिन्यातून एकदा फोन व्हिडिओवर ठेवून डिक्की बंद करून बघतो. कारचा करंट परत मोजला तेव्हा अजूनही ०.०३ च होता.